रेकॉर्डचं बटण गेलं तेव्हा

[दृश्य : दोन रिमोट शेजारी शेजारी. कॅमेरा बटणांवरून सरकतो.]

ऑक्टोबर 2021. ब्रिटनमधली सगळ्यात मोठी पे-टीव्ही कंपनी स्काय एक नवा टीव्ही बाजारात आणते. नाव स्काय ग्लास. गच्चीवर छत्री नको, टीव्हीखाली बॉक्स नको. इंटरनेट जोडलं की सगळे चॅनेल सुरू. कौतुक झालं ते याच सोयीचं. पण जुन्या ग्राहकांनी रिमोट हातात घेतला तेव्हा त्यांना दिसलं, की रेकॉर्डचं बटण नाही. त्याऐवजी अधिकचं चिन्ह आहे. ते दाबलं की कार्यक्रम तुमच्या यादीत जातो. फक्त यादीत. घरात काहीच साठत नाही. कार्यक्रम बघायला गेलात की तो कुठल्यातरी सर्व्हरवरून येतो, आणि तिथे असेल तोवरच येतो. बीबीसीचा असेल तर बीबीसीचं ॲप उघडतं. जाहिराती ओलांडायच्या असतील तर त्याचे दरमहा वेगळे पैसे.

ब्रिटिश घरांना डिस्कवरच्या रेकॉर्डिंगची सवय लावली होती ती याच कंपनीने. 2001 साली स्काय प्लस नावाचा बॉक्स आला. आत 40 जीबीची हार्ड डिस्क, साधारण 20 तासांचं चित्रण मावेल एवढी. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण कार्यक्रमपत्रिकेत नाव निवडून बटण दाबायचं आणि विसरून जायचं, हे तोवर ब्रिटनमधल्या फार थोड्या घरांनी अनुभवलं होतं.

[दृश्य : झाकण उघडलेला सेट-टॉप बॉक्स. आतली डिस्क.]

हा बॉक्स करायचा काय, ते जरा नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. उपग्रहावरून येणारा सिग्नल म्हणजे आकड्यांचा प्रवाह, आधीच आकसून लहान केलेला. साधा बॉक्स तो उलगडतो, पडद्यावर दाखवतो, आणि तिथेच त्याचं काम संपतं. रेकॉर्डर बॉक्स तोच प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवतो. म्हणून चित्राचा दर्जा तसूभरही उतरत नाही. व्हीएचएस टेपवर, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटवर, तो उतरायचा. डिस्क एकीकडे लिहिता लिहिता दुसरीकडचं वाचूही शकते, त्यामुळे नऊचा कार्यक्रम सव्वानऊला सुरुवातीपासून बघता यायचा, पुढचा भाग साठत असतानाच. आत चॅनेल पकडणारे दोन ट्यूनर असले की एक चॅनेल बघत दुसरा रेकॉर्ड व्हायचा. आणि सामना चालू असताना दाराची बेल वाजली, तर सामना थांबायचा. थेट प्रक्षेपण थांबवता येतं, ही कल्पनाच लोकांना नवी होती.

ही प्रत कुलूपबंद असायची, बहुधा त्याच बॉक्समध्ये चालायची, हे खरं आहे. तरी ती तुमच्या दिवाणखान्यात होती. चॅनेलने उद्या तो कार्यक्रम मागे घेतला, तरी तुमच्या डिस्कवरचा भाग पुसायला कोणी येत नव्हतं.

[दृश्य : 1970 च्या दशकातला टेप रेकॉर्डर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या.]

टीव्हीवरचं घरी उतरवून ठेवायला मुळात परवानगी आहे का, हा प्रश्न अमेरिकेत कितीतरी आधी कोर्टात गेला. सोनीने 1975 साली बेटामॅक्स हा घरगुती व्हिडिओ टेप रेकॉर्डर आणला. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्ने या दोन स्टुडिओंनी सोनीवर खटला भरला. लोक घरात बसून आमच्या कलाकृतींची प्रत काढतात आणि यंत्र विकणारी सोनी त्याला जबाबदार आहे, असं त्यांचं म्हणणं. खालच्या कोर्टात सोनी जिंकली, अपिलात हरली. शेवटी 17 जानेवारी 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, पाच विरुद्ध चार मतांनी. प्रक्षेपित झालेला कार्यक्रम नंतर बघता यावा म्हणून घरी रेकॉर्ड करणं हा रास्त वापर आहे, आणि असं यंत्र विकणं हा कॉपीराइटचा भंग नाही.

एका मताचा फरक. ते मत पलीकडे पडलं असतं, तर घरोघरचे रेकॉर्डर तिथेच अडले असते.

या खटल्यातली एक साक्ष मला फार मोलाची वाटते. फ्रेड रॉजर्स हे अमेरिकेतले लहान मुलांच्या कार्यक्रमाचे अतिशय लाडके निवेदक. आपला कार्यक्रम लोकांनी रेकॉर्ड केला तर त्यांना चालणार होतं. त्यांचं म्हणणं असं, की मुलांचे कार्यक्रम अशा वेळी लागतात जेव्हा काही घरांना ते बघणं जमत नाही. आई-वडिलांनी ते ठेवून घेऊन योग्य वेळी मुलांना दाखवले, तर ती कुटुंबांची खरी सेवा आहे. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालपत्रात या साक्षीची नोंद आहे. कार्यक्रम बनवणारा माणूसच बघणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला होता.

[दृश्य : टीव्हो कंपनीचा पहिला बॉक्स. फास्ट फॉरवर्ड होणाऱ्या जाहिराती.]

या निकालाच्या सावलीत 1999 साली टीव्हो आणि रिप्ले टीव्ही हे हार्ड डिस्कवाले रेकॉर्डर अमेरिकेत आले. टीव्होच्या सगळ्यात लहान बॉक्समध्ये 14 तासांचं मावायचं. भांडण पेटलं ते जाहिरातींवरून. रिप्ले टीव्हीने पुढे जाहिराती आपोआप गाळण्याची सोय दिली आणि मोठ्या नेटवर्कांनी आणि स्टुडिओंनी 2001 मध्ये खटले भरले. रिप्ले टीव्ही बनवणारी सोनिकब्लू कंपनी 2003 मध्ये दिवाळखोरीत गेली. प्रेक्षकाने जाहिरात बघितलीच पाहिजे, या हट्टाला तेव्हा धार आली, आणि आज तो हट्ट स्ट्रीमिंगने पुरवून घेतला आहे. सर्व्हरवरून येणाऱ्या कार्यक्रमात जाहिरात सुरू झाली की पुढे जायचं बटण बहुतेकदा चालतच नाही.

घरातली डिस्क आणि स्ट्रीमिंग यांच्या मधला एक टप्पा आहे, त्याबद्दल क्वचितच बोललं जातं. न्यू यॉर्कच्या परिसरातल्या केबलव्हिजन या केबल कंपनीने ठरवलं, की डिस्क ग्राहकाच्या घरी ठेवण्याऐवजी आपल्याकडे ठेवायची. ग्राहक रिमोट दाबेल, रेकॉर्डिंग कंपनीच्या इमारतीत होईल. पुन्हा खटला. 2008 मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्यातला एक कळीचा मुद्दा असा, की प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी प्रत साठवली जात होती. एक लाख ग्राहकांनी एकच सामना रेकॉर्ड केला, तर त्याच सामन्याच्या एक लाख प्रती! तंत्रज्ञाला हा वेडेपणा वाटेल. पण त्या वेडेपणात ग्राहकाचा हक्क शिल्लक होता: बटण मी दाबलं, प्रत माझी. आता अमेरिकेत यूट्यूब टीव्हीसारख्या सेवेत कितीही रेकॉर्ड करा, जागेची मर्यादा नाही, पण नऊ महिन्यांनी ते नाहीसं होतं. आणि ज्याच्या नावावरून अमेरिकन माणूस रेकॉर्ड करण्यालाच 'टीव्हो करणं' म्हणू लागला, त्या टीव्होने 2025 च्या ऑक्टोबरमध्ये आपले रेकॉर्डर विकणं थांबवलं.

[दृश्य : मुंबईतल्या चाळीच्या छपरावरच्या डिश. केबलची वेटोळी.]

आपल्याकडे ही गोष्ट घाईत घडून गेली. ब्रिटनच्या स्कायचं नाव वापरणारी टाटा स्काय 2006 मध्ये सुरू झाली आणि 2008 मध्ये तिने टाटा स्काय प्लस हा रेकॉर्डर आणला. आमिर खानच्या जाहिराती अनेकांना आठवत असतील. इतर डीटीएच कंपन्यांनीही रेकॉर्डर आणले. काहींनी बॉक्सला यूएसबीचं भोक दिलं, की पेन ड्राइव्ह लावा आणि साठवा. पण हे बॉक्स साध्या बॉक्सपेक्षा महाग. शिवाय रात्रीची मराठी मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागायचीच, मग रेकॉर्डरवर खर्च कशाला, असा घरोघरचा हिशोब. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. मालिकेचा भाग फोनवर मिळू लागला, झी फाइव्हच्या वर्गणीदारांना तर टीव्हीच्याही आधी. रेकॉर्डरला कामच उरलं नाही. 2022 च्या जानेवारीत टाटा स्कायने नावातलं 'स्काय' काढून 'प्ले' घेतलं, आणि जाहिरातीचा रोख ॲपच्या जोडण्यांकडे वळला. डीटीएचच्या सक्रिय जोडण्या 2021 मध्ये सात कोटींच्या जवळ होत्या, त्या मार्च 2024 पर्यंत सुमारे 6.2 कोटींवर आल्या.

स्ट्रीमिंगने दिलेलं नाकारायचं कारण नाही. रात्रपाळी करणाऱ्या नर्सला मालिका पहाटे बघता येते. परदेशात असलेल्या मुलीला आईबरोबर फोनवर त्याच भागाबद्दल बोलता येतं. डिस्क भरली म्हणून काही पुसावं लागत नाही. माझी तक्रार सोयीबद्दल नाहीच. ठेवून घ्यायचा निर्णय आपल्या हातातून गेला, आणि तो गेला हे आपल्या लक्षातही आलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

[दृश्य : कायद्याचं पुस्तक. पानावर थांबलेलं बोट.]

कारण भारतात हा निर्णय कायद्याने आपल्याला दिलेला आहे. प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, कायदा, 1957. कलम 39. प्रक्षेपणाचं ध्वनिमुद्रण किंवा दृश्यमुद्रण करणाऱ्याने ते स्वतःच्या खासगी वापरासाठी केलं, तर प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी, प्रामाणिक हेतूने, केलेल्या मुद्रणालाही तीच मुभा. अमेरिकेत जे पाच विरुद्ध चार मतांनी मिळालं, ते आपल्या कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. कायदा तसाच आहे, पण तो वापरायचं यंत्र दुकानातून जवळजवळ गेलं. ॲपवर तर तुम्ही ‘मान्य आहे’ दाबलेल्या अटी चालतात. ॲपमध्ये डाउनलोड केलेला भाग तुमच्याच फोनमध्ये पडून असतो, पण त्याची मुदत संपली की उघडत नाही.

याचा परिणाम काय होतो? डिस्नेने ‘विलो’ ही स्वतःची मालिका 2022 च्या नोव्हेंबरमध्ये दाखवायला सुरुवात केली आणि 2023 च्या मे महिन्यात स्वतःच्याच सेवेवरून काढून टाकली. भारतात एचबीओ या अमेरिकी वाहिनीच्या मालिका 31 मार्च 2023 नंतर हॉटस्टारवरून गेल्या. कलर्स मराठीच्या मालिका बघणाऱ्यांना आधी वूट, मग जिओसिनेमा, आणि 2025 च्या फेब्रुवारीपासून जिओहॉटस्टार, असं घर बदलत जावं लागलं. प्रत्येक बदलीत कुठला जुना माल बरोबर न्यायचा, हे कंपनी ठरवते. दहा वर्षांपूर्वीची, फारशी न चाललेली, तुम्हाला मात्र मनापासून आवडलेली मराठी मालिका त्यात असेल का, हे विचारायचं कुठे?

[दृश्य : खोलीभर रचलेल्या व्हीएचएस टेप.]

ठेवणारे नसते तर काय झालं असतं, ते इतिहासात दिसतं. बीबीसीने 1960 आणि 70 च्या दशकांत आपल्याच कार्यक्रमांच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे अनेक भाग त्यात गेले. पण त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज ऐकता येतो, कारण काही प्रेक्षकांनी तो घरी टेप रेकॉर्डरवर उतरवून ठेवला होता. दूरदर्शनवरही टेप महाग, म्हणून त्या पुन्हा वापरल्या जायच्या. सुरुवातीच्या वर्षांतलं कितीतरी त्यात पुसलं गेलं. मुंबई केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी. तेव्हाच्या मराठी कार्यक्रमांबद्दल वडीलधारी माणसं भरभरून सांगतात, आणि आपण विचारतो, कुठे बघायला मिळेल? बऱ्याचदा उत्तर नसतं. घरात तेव्हा व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ टेपवर रेकॉर्ड करणारी यंत्रं, नव्हते.

आणि फिलाडेल्फियाची मेरियन स्टोक्स. ग्रंथपालाचं काम केलेली ही बाई 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून टीव्हीवरच्या बातम्या रेकॉर्ड करत राहिली, अनेक यंत्रांवर, रात्रंदिवस, डिसेंबर 2012 मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत. मागे सुमारे 70 हजार टेप राहिल्या. त्या जुनं साहित्य डिजिटल रूपात जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेकडे गेल्या. वाहिन्यांनी स्वतः न जपलेल्या बातम्या त्यांत आहेत. निव्वळ स्ट्रीमिंगच्या काळात मेरियन स्टोक्सने कुठलं बटण दाबलं असतं?

सगळं संपलेलं नाही. डीडी फ्री डिशसाठी बाजारात मिळणाऱ्या कित्येक स्वस्त बॉक्सना आजही यूएसबी रेकॉर्डिंगची सोय आहे. प्रसार भारतीने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यात, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी, वेव्ह्ज हे ॲप सुरू केलं आणि दूरदर्शनचं जुनं काही त्यावर येतं आहे. ते वाढावं. पण कोणाच्या घरी जे आहे, ते तिथे येईल याची वाट बघू नये.

[दृश्य : कपाटातून काढलेली टेप. हाताने लिहिलेलं लेबल.]

घरात जुनी व्हीएचएस टेप असेल, तर ती आत्ताच उतरवून घ्या. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, 2016 च्या जुलैमध्ये थांबली. चालू यंत्र दरवर्षी दुर्मीळ होत जाणार. आपल्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर यंत्रात घालू नका, जाणकाराकडे द्या. संगणकाला जोडायचं साधं कॅप्चर यंत्र फार महाग नसतं. पहिल्याच फेरीत उतरवायच्या तयारीने बसा. जुनी टेप दुसऱ्यांदा धड चालेलच असं नाही. रेकॉर्डरवाला सेट-टॉप बॉक्स असेल, तर मागे पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं आहेत का बघा. त्यातूनही प्रत काढता येते. हे काम कनेक्शन चालू असतानाच करा, कारण वर्गणी थांबली की काही बॉक्स साठवलेलं उघडत नाहीत.