मांडवाखालची मान

[दृश्य : निफाडची पहाट. द्राक्षबागेत शेकोट्या.]

जानेवारीतलं निफाड. पारा घसरला की मण्यांना तडे जातात, म्हणून बागायतदार पहाटेच बागेत शेकोट्या पेटवतात. अशाच एका पहाटे १९ वर्षांच्या पोराच्या हातातून कात्री गळून पडली. उचलायला गेला, तर बोटं सरळच होईनात. शेकोटीवर हात धरला, तेव्हा कुठे चालू लागली. थंडीनं आकडली असतील, म्हणून घरच्यांनी सोडून दिलं.

[दृश्य : दोन्ही हात, शेजारी शेजारी.]

आता हा उजवा हात बघा. अंगठा आणि तर्जनीमधला गुबगुबीत भाग बसलाय. पंजावर हाडांच्या मधोमध चर पडलेत. मनगटापासून कोपरापर्यंत करंगळीची बाजू वाळलीय, अंगठ्याच्या बाजूचा स्नायू मात्र भरलेला. बोटं ताणली की बारीक थरथर. दुखत काहीच नाही, त्यामुळेच वर्ष निघून गेलं. वर्षभर हाताला तेल चोळणं चाललं होतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

डॉक्टरांनी आधी कोपरामागची नस चाचपली. कुष्ठरोगात ती जाड होते, पण मग हात बधिरही होतो. इथे नस साधी, टोचलेलं कळत होतं. तोवर घरात कुणीतरी मोबाइलवर ‘मोटर न्यूरॉन’ या स्नायू वाळवत नेणाऱ्या जीवघेण्या आजाराबद्दल वाचलं आणि आईला घास गिळेना.

मान सरळ ठेवून काढलेल्या एमआरआयमध्ये फारसं काही दिसलं नाही. दुसरा काढला तो मान पुढे वाकवून. त्यात सापडलं.

मान वाकली की मज्जारज्जूचं आवरण मागून पुढे सरकतं आणि रज्जूला मणक्यावर दाबतं. पंजाचे स्नायू चालवणाऱ्या पेशी नेमक्या तिथेच. सारखा दाब पडून त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. जपानच्या केइझो हिरायामा यांनी १९५९ मध्ये हा आजार नोंदवला, म्हणून त्याचं नाव हिरायामा आजार. बहुतेक रुग्ण मिसरूड फुटणारी पोरं. अंग झपाट्यानं वाढतं, आवरण तोकडं पडतं.

काही वर्षांनी तो बहुधा आपणहून थांबतो. गेलेलं मांस सहसा भरून येत नाही, म्हणून मान पुढे वाकू न देणारी कॉलर गळ्यात जितकी लवकर तितकी बरी.

[दृश्य : मांडवाखाली विरळणी.]

कात्री आता डाव्या हातात. मांडवाखाली घडाकडे वरच बघायचं असतं, त्यामुळे काम सुटलेलं नाही. मोबाइल तेवढा डोळ्यांसमोर उचलून धरावा लागतो. शर्टाचं वरचं बटण अजून आईच लावते.