ईसीजी नॉर्मल आल्यानंतर

छातीत धडधड, हातांना मुंग्या, जीव घाबराघुबरा. पेशंट फॅमिली डॉक्टरकडे धावतो आणि ईसीजी नॉर्मल निघतो. 'काहीच झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका,' असं सांगून त्याला घरी पाठवलं जातं, आणि उपचार तिथंच फसतो. धडधड तर त्याला खरीच जाणवलेली असते. ती कशानं झाली, हे कुणीतरी समजावून सांगायला हवं.

आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्यायचं. दिवसात चहा किती, दारू किती, दम्याचा पंप चालू आहे का, हेही विचारायचं. पंपातल्या सालब्युटामॉलनंही धडधडतं. मग चिंता मोजणारी जीएडी-७ ही सात प्रश्नांची यादी. गुण ० ते २१. १० किंवा जास्त आले, तर चिंता नीट तपासायलाच हवी.

आता पेशंटला श्वासाचा सराव शिकवायचा. एक हात छातीवर, एक पोटावर. हलायला हवा तो पोटावरचा. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर; मिनिटाला सहा श्वास. नुसतं 'खोल श्वास घ्या' म्हटलं की माणूस भराभर मोठे श्वास ओढतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठ-बोटं झिणझिणतात आणि त्याला वाटतं, अटॅकच आला! म्हणून सराव रोज दहा मिनिटं, बरं वाटत असतानाच.

पण श्वासानं निम्मंच काम होतं. लोकलची धास्ती घेतलेल्या माणसाला ० ते १०० मध्ये भीतीचे आकडे मांडायला सांगा: फलाटावर उभं राहणं ३०, दुपारच्या रिकाम्या गाडीत एक स्टेशन ५०, सकाळची गर्दी ९०. सुरुवात ३० पासून. भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथंच थांबायचं, उद्या पुन्हा जायचं. भीती ऐन भरात असताना काढता पाय घेतला, तर 'पळालो म्हणून वाचलो' हेच मनात पक्कं बसतं. सोबतीचा भाऊ, हातातली पाण्याची बाटली, डॉक्टरांनी न लिहिताच खिशात ठेवलेली सॉर्बिट्रेट ही हृदयविकाराची गोळी, हे आधारही हळूहळू सुटायला हवेत.

पुढची भेट दोन आठवड्यांनी, त्रास होवो न होवो. दुखलं तरच डॉक्टर भेटतात असं झालं, की दुखणं हटत नाही.

मरणाचे विचार येत असतील, दारू वाढली असेल, जेवण-झोप तुटली असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडे लगेच पाठवायचं. औषधही लागू शकतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि अल्प्राझोलाम ही चिंतेवरची गोळी आधीपासून रोज चालू असेल, तर ती एकदम तोडायची नाही. घबराट उसळते, क्वचित फिटही येते. डोस डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्यानं उतरवायचा.