पिशवी भरा, कपाट नको

नमस्कार श्रोतेहो.

बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी दुकानातून काही आणायचं नाही, अशी रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत अजून पाळतात. सासूबाई म्हणतात, "आधी सुखरूप सुटका होऊ दे, मग हवं ते आणा." सुनेच्या मोबाइलवर मात्र सातव्या महिन्यापासून रोज नवी यादी येऊन पडते. त्यात बाटल्या गरम करायचं यंत्र असतं, पुसायचे ओले रुमाल गरम करायचंही असतं. प्रसूतिगृहात नोकरी करून मी निवृत्त झाले, आणि या भांडणात माझं मत सासूबाईंकडे झुकतं. कारण तेवढं वेगळं आहे. पहिल्या दोन महिन्यांत बाळाला फार थोडं लागतं, आणि जे लागतं त्यातलं निम्मंअधिक घरातच सापडतं. ते काढून, धुऊन ठेवलं तर कुणाची रीत मोडत नाही.

सगळ्यात आधी कापड. आजीची वापरून वापरून मऊ झालेली सुती साडी, नऊवारी असेल तर फारच छान. तिचे काठ आधी उसवून बाजूला काढा, कारण ते जाड असतात आणि कातडीला काचतात. पदरावर जरीकाम असेल तर तोही नको. मधलं कापड घ्या, त्याची मीटरभर लांबी-रुंदीची चौकोनी दुपटी होतात. उरलेल्याचे तिकोनी लंगोट. लंगोटाला नाडीच लावा. सेफ्टी पिन नको, बटणं नकोत. झबलं पुढून उघडणारं, बंदांचं असावं. नवजात बाळाची मान धरत नाही, डोक्यावरून कपडा घालताना नव्या आईचे हात थरथरतात.

साडी ट्रंकेतली असेल तर एक गोष्ट जरूर बघा. तिच्यात डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या होत्या का? काही बाळांच्या रक्तात एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, जन्मजात कमतरता असते. वरून ते काही दिसत नाही. अशा बाळाला डांबरगोळीचा वास लागलेले कपडे गुंडाळले, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. थोरल्या भावाची जपून ठेवलेली लोकरी टोपडी, कुंची, शाल, सगळ्यांना हेच लागू. दोन-तीन पाण्यांतून काढा, कडक उन्हात टाका, मग नाकाशी धरून बघा. तरीही वास आला तर ते कापड बाळासाठी वापरूच नका.

दुसरी तपासणी मोज्यांची. हातमोजे-पायमोजे उलटे करा आणि आतले सुटे धागे कात्रीने कापून टाका. असा एखादा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, बोट सुजतं, लाल-निळं होतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. मोजा कोणी काढून बघत नाही ना! आईचा केससुद्धा असाच गुंडाळला जातो. बाळ उगी राहत नसेल तर मोजे काढून वीसही बोटं बघायची सवय ठेवा.

लंगोट किती? पहिल्या दिवशी बाळ एकदा-दोनदाच शू करतं, पण आठवड्याभरात ते दिवसाला सहा-आठ वेळांवर जातं, शी वेगळीच. दोन डझन लंगोट असले की धुणं आटोक्यात राहतं. जुलैत, त्यातून कोकणात बाळंतपण असेल तर तीन डझन करा, कारण तिथे दोन दोन दिवस कापड वाळत नाही. दमट लंगोट बांधण्यापेक्षा त्यावर इस्त्री फिरवा. शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे वाळवायची आणि त्याच खोलीत ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची पद्धत मला ठाऊक आहे. पण तो धूर एवढ्याशा फुप्फुसांत जातो, तेव्हा नको म्हणजे नको. रात्रीपुरते विकतचे डायपर लावले तरी काही बिघडत नाही. फक्त लहान मापाचं एकच पुडकं आणा, ते माप बघता बघता तोकडं पडतं.

बाकीची खरेदी एका पिशवीत मावते. मेणकापड, छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी, थर्मामीटर, लहान नेलकटर, साधा सौम्य साबण.

आता न आणायच्या वस्तू. मोहरीची उशी आणू नका. डोकं गोल व्हावं म्हणून ती शिवतात, पण तान्ह्याला उशीच नको. सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं निजवायचं. पावडर नको, ती श्वासात जाते. काजळाची डबी नको. मध वर्षभर चाटवायचा नाही, सोन्याच्या अंगठीनेसुद्धा नाही. दुधाची बाटली तर मुळीच नको. आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करायला बंदी आहे, ती उगीच नाही. जन्मानंतर तासाभरात छातीशी घ्यायचं, चीक पाजायचा, आणि सहा महिने आईचंच दूध, वर पाणीसुद्धा नाही. बाळ दिवस भरायच्या आधी आलं आणि ओढत नसेल, तर आईचं दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजतात. म्हणून एक स्टीलची वाटी आणि चमचा पिशवीत असू द्या.

ही पिशवी मात्र छत्तिसावा आठवडा लागला की भरून दाराजवळ ठेवायची. इथे रीत बाजूला ठेवा. कळा मुहूर्त बघून येत नाहीत, आणि रात्री दोन वाजता जावईबापूंना कपाटातलं दुपटं सापडत नाही. सोनोग्राफीचे आणि रक्ताचे कागद, माता व बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, बँकेचं पासबुक एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घाला. गाडीची सोय नसेल तर 102 नंबर लिहून ठेवा. सरकारी रुग्णालयात 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. औषधं, तपासण्या, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडीही त्यात येते. पहिलटकरणीला मिळणाऱ्या बेबी केअर किटबद्दल आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला आधी विचारा. त्यातल्या वस्तू दुकानातून पुन्हा आणायला नकोत.

आणि बाई, तुमची स्वतःची पिशवी? यादीत आईचं नाव नेहमी शेवटी येतं, तसं ते आज माझ्याही बोलण्यात शेवटी आलं. पुढून उघडणारे दोन-तीन सुती गाऊन, मोठे पॅड पुरेसे, अंगाला सैल अंतर्वस्त्रं, कानाला बांधायला रुमाल, पाण्याची बाटली. घरी अळीव, डिंक, खारीक, सुकं खोबरं आणून ठेवा. ते लाडू वळायला दहावा दिवस उजाडेपर्यंत थांबायचं कारण नाही. पाळण्यावर लटकवायच्या खेळण्यांचे पैसे वाचवून महिनाभर धुण्या-भांड्याला बाई लावलीत, तर त्याइतकी उपयोगाची खरेदी दुसरी नाही.

बारशाला येणाऱ्यांनाही एक सांगते. बाळंतविडा न्यायचा तर झबलं अगदी तान्ह्याच्या मापाचं घेऊ नका, तशी प्रत्येक घरात डझनभर जमतात आणि घडीही न मोडता राहतात. तुळशीबागेत उभं राहून जरा हिशोब करा. बाळ जुलैतलं असेल तर थंडीत ते सहा महिन्यांचं होईल, तेव्हा स्वेटर त्या मापाचा घ्या. आणि घरच्यांनी "काय आणू?" या प्रश्नाला "काही नको हो" असं उत्तर देऊ नये. "मंगळवारी पोळीभाजीचा डबा आणा," असं सरळ सांगावं.