साखर कारखानदाराचा पोरगा आणि सिनेमाचा उलटा हिशेब: लुई माल

(पडद्यावर: रात्रीचं पॅरिस, शाँझेलिझेचा रस्ता, दुकानांच्या उजळलेल्या काचा)

ही जी बाई रात्री एकटीच रस्त्यावरून चाललीये ना, ती जान मोरो. साल 1957. चेहऱ्यावर मेकअप नाही, आजूबाजूला शूटिंगचे मोठे लाइट नाहीत, ट्रॉलीचे रूळसुद्धा नाहीत. कॅमेरामन आँरी देकाए बाबागाडीत कॅमेरा ठेवून तिच्या पुढे पुढे सरकतोय, आणि उजेड म्हणाल तर दुकानांच्या काचांतून जेवढा रस्त्यावर सांडतो तेवढाच. हे फुटेज लॅबमध्ये गेलं तेव्हा तिथली टेक्निशियन मंडळी थेट प्रोड्युसरकडे गेली, म्हणाली हा पोरगा हिरॉइनची वाट लावतोय, आवरा त्याला. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा, तोवर फ्रेंच सिनेमात हिरॉइन अशी दिसायचीच नाही.

पोरगा म्हणजे फ्रेंच डायरेक्टर लुई माल. वय जेमतेम पंचवीस. आणि पिक्चर म्हणजे 'एलिव्हेटर टू द गॅलोज'. गंमत बघा, गोष्ट अगदी पॉकेटबुक छाप आहे. बाईचा प्रियकर तिच्या नवऱ्याचा खून करतो आणि निघताना लिफ्टमध्ये अडकतो, बस्स. पण त्या गोष्टीवर मालनं ही रात्र चढवली आणि वर अमेरिकन जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट. डेव्हिस तेव्हा पॅरिसमध्ये आलेला होता, डिसेंबरमध्ये एका रात्री स्टुडिओत सिनेमाचे तुकडे पडद्यावर लावले, समोर बघत बघत त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी वाजवलं, लिहून आणलेलं फारसं काही नव्हतंच. आता हा आर्ट सिनेमा म्हणायचा की धंद्याचा थ्रिलर? इथून जी बोंब सुरू झाली ती मालच्या मरेपर्यंत कोणालाच नीट मिटवता आली नाही.

(पडद्यावर: उत्तर फ्रान्स, जुने फोटो, कारखान्याची चिमणी)

आधी घरचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माल जन्मला 30 ऑक्टोबर 1932 ला, उत्तर फ्रान्समधल्या थ्युमरी गावात. आईचं माहेर बेगँ, म्हणजे फ्रान्समधलं साखरेचं मोठं घराणं. आपल्याकडे साखर कारखानदाराचा पोरगा म्हटलं की आमदारकी ठरलेली, हा पठ्ठ्या फिल्म स्कूलला गेला. तर सांगायचं काय, की "एक पिक्चर पोटासाठी, एक मनासाठी" हा जो हिशेब आपण अशा डायरेक्टरांना लावतो तो मालला लागूच होत नाही. पोटाची चिंता त्याला कधी नव्हतीच. म्हणजे त्यानं जे धंदेवाईक पिक्चर केले ते हौसेनं केले, ओढवून घेतले, आणि हे मला त्याच्याबद्दल सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं.

सुरुवात तर पाण्याखालून झाली. कॉलेजात असतानाच समुद्राखालचं जग शूट करणाऱ्या झाक कुस्तोच्या कॅलिप्सो बोटीवर गेला, आणि 'द सायलेंट वर्ल्ड'वर कुस्तोच्या जोडीनं डायरेक्टर म्हणून नाव लागलं. 1956 ला कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये पाल्म द'ओर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, नंतर ऑस्कर. तेव्हा माल तेवीस वर्षांचा. त्याच वर्षी कानमध्ये आपला 'पथेर पांचाली' पण होता, त्याला वेगळं पारितोषिक मिळालं. पुन्हा एखाद्या डॉक्युमेंटरीला पाल्म द'ओर मिळायला थेट 2004 उजाडलं. एवढं झाल्यावर माणूस थोडा मिरवेल ना, तर हा रोबेर ब्रेसाँकडे असिस्टंट म्हणून गेला. ब्रेसाँ म्हणजे कडक सोवळं, नट नको, अभिनय नको, भावना दाखवायच्या नाहीत.

मग तो लिफ्टवाला सिनेमा, आणि लगेच 1958 मध्येच 'द लव्हर्स'. पुन्हा जान मोरो. श्रीमंत घरची बाई, नवरा आहे, मुलगी आहे, पॅरिसमध्ये एक प्रियकर पण आहे, आणि एका रात्रीत ती तिसऱ्याच माणसाच्या प्रेमात पडून सकाळी घर सोडून जाते. शिक्षा नाही, पश्चात्ताप नाही. फ्रान्समध्ये चर्चवाले खवळले, थिएटरं भरली, व्हेनिसला बक्षीस. तिकडे अमेरिकेत ओहायो राज्यात एका थिएटर मॅनेजरनं हा दाखवला म्हणून त्याला अडीच हजार डॉलर दंड झाला, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1964 ला मॅनेजर सुटला. तिथले न्यायमूर्ती पॉटर स्ट्युअर्ट यांनी निकालात लिहिलं की अश्लील काय याची व्याख्या मला करता येणार नाही, पण बघितलं की कळतं, आणि हा सिनेमा तसला नाही. हे वाक्य आजही कायद्याची पोरं पाठ करतात, पण कुठल्या पिक्चरवरून आलं ते विचारा, निम्म्यांना सांगता येणार नाही.

इथून पुढचा ग्राफ काढायचा म्हटलं तर कागद फाटेल. 1960 ला 'झाझी', एक आगाऊ लहान पोरगी पॅरिसला येते, तिला फक्त मेट्रोत बसायचंय आणि मेट्रोचाच संप, सगळा सिनेमा कार्टूनसारखा धावतो. 1962 ला ब्रिजीत बार्दोला घेऊन फिल्मस्टारच्या मागे लागणाऱ्या फोटोग्राफरांची गोष्ट, स्टार मोठी पण सिनेमा तसा अधांतरीच. लगेच 1963 ला 'द फायर विदिन', दारू सोडलेल्या, जगणं नकोसं झालेल्या माणसाचे शेवटचे तास, वर एरिक सातीचा पियानो, इतका उदास की बघून झाल्यावर कोणाशी बोलावंसं वाटत नाही. आणि त्याच्यानंतर काय? 1965, मेक्सिको, मोरो आणि बार्दो एकत्र, सर्कस, क्रांती, बॉम्ब, गाणी. 'व्हिवा मारिया!'

फ्रान्समध्ये तो तुफान चालला. समीक्षकांना मात्र आता माल कुठल्या खणात ठेवायचा कळेना. त्याच्याच वयाची ती काये द्यु सिनेमा मासिकवाली मंडळी, त्रुफो, गोदार वगैरे, त्यांचा सिद्धांत असा की खरा डायरेक्टर तोच ज्याची सही प्रत्येक फ्रेमवर ओळखू येते. मालची सही प्रत्येक पिक्चरला वेगळी. शिवाय श्रीमंत. त्यामुळे न्यू वेव्हच्या, म्हणजे या मंडळींनी आणलेल्या नव्या सिनेमाच्या लाटेच्या पंगतीत त्याला पान वाढलं गेलं ते जरा कडेलाच, खरं तर लिफ्टवाला सिनेमा त्यांच्या गाजलेल्या सिनेमांच्या आधीचा.

(पडद्यावर: 1968, भारत, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारे चेहरे)

आणि मग माल सगळं टाकून भारतात आला. हे मात्र सावकाश सांगायला हवं.

1967 संपता संपता तो स्टार, सेट, मोठं युनिट या सगळ्याला वैतागला होता. 1968 च्या सुरुवातीला आला तेव्हा सोबत फक्त दोघं, कॅमेऱ्याला एत्येन बेकेर आणि साउंडला झाँ-क्लोद लोरो. स्क्रिप्ट नाही, यादी नाही, दिसेल ते शूट करायचं. काही महिने फिरले आणि त्यातून 'कलकत्ता' हा वेगळा सिनेमा आणि टीव्हीसाठी सात भागांची 'फँटम इंडिया' निघाली, सहा तासांच्या वर. पहिल्याच भागात कॅमेरा निघाला की लोक थांबतात आणि त्याच्याकडे बघत राहतात. दुसरा कोणी असता तर "इकडे बघू नका" म्हणून ओरडला असता, नाहीतर ते शॉट फेकले असते. मालनं ते ठेवले. लांबच लांब ठेवले, आणि वर स्वतःच्या आवाजात म्हणत राहिला की मी इथे उपरा आहे, मला जे दिसतंय त्याचा अर्थ लावायचा मला कितपत हक्क आहे. त्याच भागात गिधाडं मेलेलं जनावर फाडताना दिसतात, ते बघताना आपण तोंड फिरवतो, आणि तो सांगतो की हे भयंकर वगैरे आम्हा परदेशी लोकांना वाटतं, इथल्या माणसाला ते रोजचंच. शेवटचा, सातवा भाग मुंबईचा आहे. मराठी माणसानं निदान तेवढा तरी बघावाच.

1970 ला बीबीसीनं ही मालिका दाखवली आणि दिल्लीत आग लागली. गरिबीच दाखवली, देशाची बदनामी केली. ब्रिटनमधल्या भारतीय लोकांनीही तक्रारी केल्या, सरकारनं बीबीसीला दाखवणं थांबवायला सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, शेवटी बीबीसीचं दिल्लीतलं ऑफिस बंद करायला लावलं. माझं मत विचाराल तर आक्षेपात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. काही ठिकाणी माल फार लवकर निष्कर्ष काढतो, जातीबद्दल बोलताना तर कानावर पडलेलं पुस्तकी ज्ञान सांगतो असं वाटतं. पण स्वतःवर इतक्या शंका घेणारा परदेशी कॅमेरा त्या काळात दुसरा दाखवा मला.

पॅरिसला परत गेला तर विद्यार्थी आणि कामगारांचं मे 68 चं आंदोलन पेटलेलं. कानच्या ज्युरीवर होता, तिथून राजीनामा दिला, फेस्टिव्हल बंद पाडणाऱ्यांत सामील झाला. आणि भारतात जे शिकला ते पुढच्या कथापटांत उतरलं, म्हणजे माणसाकडे बघायचं, निकाल द्यायचा नाही.

1971 चा 'मर्मर ऑफ द हार्ट' त्यामुळेच जमला. आई आणि मुलाच्या नात्यात जी रेषा ओलांडायची नसते ती ओलांडली जाते आणि शेवटी घरचे सगळे मिळून हसतात. सरकारी मदत नाकारली गेली, लोकांनी गर्दी केली. 1974 चा 'लाकोंब, ल्युसियँ' तर त्याहून जड. हा मालनं पात्रिक मोदियानोबरोबर लिहिला, ज्याला पुढे 2014 ला नोबेल मिळालं. खेड्यातला एक पोरगा, महायुद्धाचा काळ, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, त्याला जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या गटात जायचंय, मास्तर म्हणतात तू लहान आहेस. परतताना सायकल पंक्चर होते, रात्री उशीर होतो, जर्मनांच्या फ्रेंच पोलिसांच्या हाती सापडतो, आणि ते त्याला दारू पाजून आपल्यात घेतात. एवढंच कारण. विचारसरणी नाही, द्वेष नाही, पंक्चर! त्यात मुख्य काम करणारा प्येर ब्लेझ हा नट नव्हताच, लाकूडतोड करणारा पोरगा होता. फ्रान्सला तेव्हा आपण सगळेच कसे लढलो ही गोष्ट ऐकायची सवय, त्यामुळे असा गडबड गोंधळ उडाला की माल थोड्याच वर्षांत अमेरिकेला निघून गेला. फक्त वादामुळे गेला असं नाही, पण वादानं पाय निघायला मदत केली असणार.

(पडद्यावर: अटलांटिक सिटी, पाडल्या जाणाऱ्या जुन्या इमारती)

अमेरिकेतला पहिला सिनेमा 'प्रिटी बेबी', 1978. न्यू ऑर्लिन्सचा कुंटणखाना आणि त्यात वाढणारी मुलगी, ब्रुक शील्ड्स तेव्हा शाळकरी पोर. याची बाजू मी घेणार नाही. निकाल न देता बघायचं हे मालचं तत्त्व ठीक, पण पडद्यावर खरं लहान मूल उघडं उभं असताना नुसतं बघणं पुरत नाही.

दोन वर्षांनी मात्र 'अटलांटिक सिटी'. पैसा कॅनडाचा, टॅक्स वाचवण्यासाठी वर्ष संपायच्या आत खर्च करायचा होता म्हणून घाईत सुरू झालेलं काम. शहरात नुकतीच कॅसिनो कायदेशीर झालेली, जुनी हॉटेलं धडाधड पाडली जात होती, मालनं तीच पाडापाडी कथेत घेतली. सुझन सरँडन कॅसिनोत शिंपल्यांच्या काउंटरवर काम करते, घरी आल्यावर वास जावा म्हणून खिडकीत उभी राहून हातांना लिंबू चोळते, आणि समोरच्या खिडकीतून म्हातारा बर्ट लँकेस्टर चोरून बघतो. व्हेनिस फेस्टिव्हलचा गोल्डन लायन, म्हणजे तिथलं पहिलं बक्षीस, पाच ऑस्कर नॉमिनेशन, सगळी मोठ्या कॅटेगरीतली, मिळालं एकही नाही.

मग आला 'माय डिनर विथ आंद्रे', 1981. दोन माणसं हॉटेलात जेवतात आणि बोलतात. पावणेदोन तासांच्या वर! व्हर्जिनियातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलात रेस्टॉरंट उभं करून, थंडीत कुडकुडत शूट केलेला, बजेट किरकोळ. कोण बघणार म्हणाल तर न्यूयॉर्कमध्ये महिनोन्महिने चालला. आणि 1984 ला युनिव्हर्सलसारख्या बड्या स्टुडिओसाठी रीतसर कॉमेडी केली, 'क्रॅकर्स', चोरांची गोष्ट, डोनाल्ड सदरलँड हिरो, ती सपशेल आपटली. म्हणून मघाशी म्हटलं हिशेब उलटा. 'व्हिवा मारिया!' सोडला तर चालावं म्हणून बेतलेलं फारसं चाललं नाही, आणि ज्यावर कोणी रुपया लावला नसता त्याला रांगा लागल्या. पुढच्या वर्षी टेक्ससमधल्या व्हिएतनामी मच्छीमारांवरचा 'अलामो बे', तो पण पडला. कँडिस बर्गनशी लग्न झालेलं, मुलगी झालेली, अमेरिकेत बस्तान बसलेलं, पण सिनेमाचं गणित फिसकटलेलं.

तेव्हा तो फ्रान्सला परत गेला आणि चाळीस वर्षं टाळलेला विषय हातात घेतला. 

जानेवारी 1944, फाँतेनब्लोजवळच्या आव्हाँमधली कॅथलिक निवासी शाळा, माल अकरा वर्षांचा. शाळेचे मुख्य पेर झाक यांनी तीन ज्यू मुलांना खोट्या नावांनी लपवलेलं. गेस्टापो आले, मुलांना घेऊन गेले, पेर झाकना पण. मुलं आउशवित्झला गेली ती परत आली नाहीत, पेर झाक छळछावणीतून सुटले पण लगेच वारले. 1987 च्या 'ओ रव्वार लेझाँफाँ'मध्ये वर्गात जर्मन अधिकारी विचारतो की किपेलश्टाइन कोण (लपलेल्या ज्यू मुलाचं खरं नाव), आणि छोटा ज्युलियन नकळत मित्राकडे मान वळवून बघतो. तेवढंच. ही नजर मालनं रचलेली आहे, खऱ्या मुलाशी त्याची मैत्री एवढी घट्ट नव्हती हे तो स्वतःच सांगायचा. आणि चुगली करतो तो स्वयंपाकघरातला लंगडा पोरगा जोसेफ, काळ्याबाजारात एकट्यालाच दोषी धरून हाकललेला, म्हणजे ल्युसियँचाच धाकटा भाऊ. आधी तो सिनेमा झाला म्हणूनच हा झाला असं मला वाटतं. स्टार एकही नाही, मुलं नवखी, शेवट माहीत असलेला. गोल्डन लायन, सात सेझार, म्हणजे फ्रान्सचे ऑस्करच, आणि फ्रान्समध्ये लाखो लोकांनी पाहिला.

त्यानंतर 'मिलू आँ मे' हलकाफुलका, मग 'डॅमेज', जेरेमी आयर्न्स आणि ज्युलिएत बिनोश, इंग्रजी, चकचकीत, मला थंड वाटला. 1994 ला पुन्हा आंद्रेवालीच मंडळी घेऊन न्यूयॉर्कच्या एका पडक्या थिएटरात रशियन नाटककार चेखॉव्हच्या नाटकाची तालीम शूट केली, रोजच्या कपड्यांत, आणि कधी तालीम संपून नाटक सुरू झालं ते कळतच नाही. तो शेवटचा ठरला. 23 नोव्हेंबर 1995 ला बेव्हर्ली हिल्समध्ये कॅन्सरनं गेला, त्रेसष्ट वर्षांचा, आणि तेव्हा तयारी कसली चालली होती तर मार्लिन डीट्रिखवरच्या मोठ्या सिनेमाची.

बघायला सुरुवात करायची असेल तर आधी 'ओ रव्वार', मग लगेच 'ल्युसियँ', याच क्रमानं. 'क्रॅकर्स' नाही पाहिला तरी चालेल. आणि सहा तास काढता आले तर भारतवाली मालिका, एका बैठकीत नका बघू, रोज एक भाग, आणि चिडायला आलं तर बंद न करता चिडत चिडत बघा.