शेवटच्या नळापर्यंत

व्यासपीठावरील मान्यवर, नगरपालिकेतील माझे सर्व सहकारी आणि बंधू-भगिनींनो,

पुढील आठवड्यात नगराध्यक्ष म्हणून माझा कार्यकाळ संपतो आहे. निरोपाच्या भाषणात केलेल्या कामांची यादी वाचण्याची पद्धत आहे आणि तशी यादी कार्यालयाने तयार करून माझ्या हाती दिलेलीही आहे. ती छापून प्रत्येक प्रभागात लावली जाणार असल्यामुळे मी ती इथे वाचत नाही. मला आज एकाच प्रश्नाबद्दल बोलायचे आहे. शहर पुढे गेले की नाही, हे त्या शहराच्या प्रमुखाला कळते कसे?

पदावर आले तेव्हा माझ्याकडे याचे एक सोपे उत्तर होते. प्रत्येक प्रभागातून किती तक्रारी आल्या, याचा गोषवारा दर महिन्याला माझ्या टेबलावर येत असे. जिथे तक्रारी कमी तिथे काम बरे चालले आहे, असा अर्थ मी लावत असे. जलवाहिनीच्या अगदी टोकाला, चढावर वसलेल्या वस्तीतून जवळजवळ काहीच तक्रारी येत नव्हत्या. पहिल्या वर्षीच्या सभेत मी उभी राहून सांगितले होते की तिथले नागरिक पाणीपुरवठ्याबाबत समाधानी आहेत. हे वाक्य सभेच्या इतिवृत्तात नोंदलेले आहे आणि ते मला आजही बोचते.

त्यानंतर काही दिवसांनी पाणीपुरवठा विभागाचे कर्मचारी रात्री गळती शोधायला निघाले, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेले. गळतीचे मोजमाप रात्री दोन ते चारच्या दरम्यान घेतात. सगळे शहर झोपलेले असते, नळ बंद असतात, आणि तरीही मुख्य जलवाहिनीतून जे पाणी वाहताना दिसते त्यातले बरेचसे जमिनीत जात असते. आमच्या एका जुन्या फिटरने लोखंडी कांबीचे एक टोक व्हॉल्व्हवर टेकवले, दुसरे कानाला लावले, थोडा वेळ स्तब्ध राहिला आणि मग ती कांब माझ्याकडे दिली. आतून सूं असा बारीक, अखंड आवाज येत होता. रस्ता मात्र कोरडा ठणठणीत होता. पाणी वर न येता खालच्या खाली गटाराला मिळत होते आणि ते किती वर्षे तसे वाहत होते, हे त्या फिटरलाही सांगता आले नाही.

तिथून आम्ही चढावरच्या वस्तीत गेलो. एका घरात दिवा लागलेला होता. नळाखाली भांडे लावून एक बाई बसल्या होत्या आणि पाण्याची करंगळीएवढी धार नुकतीच सुरू झाली होती. मी त्यांना विचारले, "मावशी, पाण्याची तक्रार का केली नाहीत?" त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिले आणि म्हणाल्या, "तक्रार कसली? पाणी येतं की. पहाटे येतं." इतक्या वर्षांत पहाटेचे पाणी हा त्यांच्या दृष्टीने निसर्गाचाच नियम झाला होता. प्रत्यक्षात तो नियम आमच्या जलवाहिनीने घालून दिलेला होता. दिवसा खालच्या भागातले नळ सुरू झाले की टोकाला दाबच उरत नसे. सगळे झोपले की दाब वाढे आणि उरलेले पाणी चढावर पोहोचे. त्यातही अधिक गंभीर गोष्ट अशी की वाहिनीतला दाब नाहीसा होतो, तेव्हा फुटक्या सांध्यांतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. म्हणजे ज्यांना सर्वांत कमी पाणी मिळत होते, त्यांनाच सर्वांत असुरक्षित पाणी मिळत होते, आणि आमच्या गोषवाऱ्यात मात्र तीच वस्ती सर्वांत सुखी दिसत होती.

तक्रार करायलाही माणसाला काही गोष्टी आधी मिळालेल्या असाव्या लागतात. आपल्याला मिळते त्यापेक्षा अधिक मिळायला हवे, याची जाणीव हवी. कार्यालयापर्यंत येण्यासाठी मोडायला एक दिवस हवा. आणि आपण लिहिलेले कुणीतरी वाचेल, असा विश्वास हवा. या तिन्ही गोष्टी नसल्या की तक्रारींची वही कोरी राहते. आम्ही ती कोरी पाने वाचायला शिकलो नव्हतो.

त्या वेळी सभागृहासमोर दूरच्या नव्या स्रोतावरून मोठी जलवाहिनी आणण्याचा प्रस्ताव होता. त्याचे उद्घाटन झाले असते, कोनशिला बसली असती, आणि सर्वांना ते हवेही होते. पण गळक्या वाहिनीत अधिक पाणी, अधिक दाबाने सोडले तर गळतीही त्याबरोबर वाढते, हे विज्ञान साधे आहे. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह हिचे उदाहरण मी तेव्हा सभागृहापुढे ठेवले होते. १९९३ साली तिथे शुद्ध करून सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे ७२ टक्के पाण्याचा पैसाच येत नव्हता, कारण ते गळत तरी होते किंवा चोरले तरी जात होते. एक सॉन चान (‘एक’ हे त्यांचे आडनाव) यांनी तिथल्या जलप्राधिकरणाची सूत्रे हाती घेतली, जुन्या वाहिन्या बदलल्या, मीटर बसवले, बड्या थकबाकीदारांकडूनही वसुली केली आणि पुढच्या सुमारे पंधरा वर्षांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आणले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या शहरात चोवीस तास पाणी मिळू लागले. २००६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या सगळ्यात मला मोलाची वाटते ती त्यांच्या कामाची पद्धत. आपले पाणी जाते कुठे, हे त्यांनी आधी नेमके शोधले आणि मगच पुरवठा वाढवण्याकडे वळले.

आम्हीही दुरुस्ती आधी घेतली. शहराचे पाणीवाटप लहान भागांत विभागले, प्रत्येक भागाच्या तोंडाशी मीटर बसवले, सांधे बदलले, निकामी व्हॉल्व्ह काढले. रस्ते खणले आणि लोकांना त्रास झाला. आपण तो सोसलात याची मला पूर्ण जाणीव आहे. यातले बहुतेक काम आज मातीखाली आहे आणि ते दाखवायला मी कुणालाही नेऊ शकत नाही. ते रात्री जागून ज्यांनी केले, ते फिटर, व्हॉल्व्हमन आणि खड्ड्यात उतरलेले मजूर आज या सभागृहात मागे बसले आहेत. त्यांनी कृपया पुढे येऊन बसावे. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या त्यांच्यासाठीच मोकळ्या ठेवायला मी सांगितले होते.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस चढावरच्या वस्तीत दिवसा पाणी येऊ लागले आणि त्यानंतर एक गोष्ट घडली, जी मी या पदावर शिकलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मानते. त्या वस्तीतल्या तक्रारी वाढल्या. थोड्या थोडक्या नव्हे. काही महिन्यांत ती वस्ती सर्वांत जास्त तक्रारी करणारी वस्ती झाली. तिथे काय बिघडले, असे एका सहकाऱ्यांनी काळजीने विचारले. आम्ही ती पाने एकत्र वाचली. सुरुवातीच्या नोंदी पाण्याचा दाब कमी असल्याच्या होत्या. मग पथदिवा बंद असल्याच्या आल्या. मग शाळेच्या वाटेवरचे गटार उघडे असल्याच्या. आणि एका पानावर कुणीतरी वळणदार अक्षरात विचारले होते की, आमच्या गल्लीचे नाव यंदाच्या अंदाजपत्रकात का नाही? जिथे पहाटेची करंगळीएवढी धारही नियतीसारखी स्वीकारली जात होती, तिथल्या माणसाने अंदाजपत्रक मागवून वाचले होते. शहर पुढे गेले याचा मला मिळालेला पुरावा हा आहे.

त्या प्रश्नामुळेच अंदाजपत्रकापूर्वीच्या प्रभागसभा सुरू झाल्या. ब्राझीलमधल्या पोर्तु अलेग्री शहराने १९८९ पासून ही वाट घालून दिली होती: भांडवली खर्चातला काही भाग कुठे वापरायचा, हे वस्त्यांनी आपापल्या सभांत ठरवायचे. पुढच्या आठ-नऊ वर्षांत तिथे पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या असलेल्या घरांचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवरून ९८ टक्क्यांपर्यंत गेले. आमच्या पहिल्या सभा मात्र फसल्या. त्या कामाच्या वेळेत ठेवल्या होत्या, त्यामुळे आले ते नेहमीचेच ओळखीचे चेहरे. वेळ संध्याकाळची केली, मंच काढून टाकला, खुर्च्या गोल मांडल्या आणि हळूहळू ज्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असे लोक बोलू लागले. त्यांनी मागितलेली कामे बहुधा लहान असत: एक पायरी, एक कठडा, सार्वजनिक शौचालयाच्या दाराला आतून कडी. ती कडी आमच्या कोणत्याही आराखड्यात कधीच आली नसती.

पोर्तु अलेग्रीची पुढची कथाही आपण लक्षात ठेवली पाहिजे. सत्ता बदलत गेली तशी ती पद्धत तिथे क्षीण होत गेली. याच्या उलट स्पेनमधल्या पोंतेवेद्रा या सुमारे ८३ हजार वस्तीच्या शहराने १९९९ पासून आपला मध्यभाग मोटारींऐवजी पादचाऱ्यांच्या हाती दिला आणि ते टिकले. पण तिथे त्या वर्षी निवडून आलेल्या महापौरांनाच लोक पुढे पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. इतकी वर्षे प्रत्येकाला मिळत नाहीत, आणि एखादी चांगली पद्धत एका व्यक्तीच्या पदावर राहण्यावर अवलंबून असावी, असे मला वाटतही नाही. म्हणून प्रभागसभा, गळतीचे रात्रीचे मोजमाप आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवायचा निधी या तिन्ही गोष्टी आपण ठरावाने नियमात बसवल्या आहेत. उद्या कुणाला त्या बंद करायच्या असतील तर सभागृहात उभे राहून, कारण देऊन बंद कराव्या लागतील.

आता जे झाले नाही त्याविषयी. कचरा डेपोजवळ राहणाऱ्या कुटुंबांना मी तीन वेळा तारीख दिली आणि तिन्ही वेळा पाळली नाही. आमची चूक कुठे झाली ते मी स्पष्ट सांगते. आम्ही यंत्रापासून सुरुवात केली. सुरुवात घराघरांतल्या वर्गीकरणापासून व्हायला हवी होती. ओला-सुका कचरा एकत्र येत राहिला आणि यंत्र त्या मिश्रणावर चालले नाही. ढिगाच्या पोटात हवा न मिळता कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन तयार होतो. तिथे उन्हाळ्यात धुमसणारी आग त्यामुळेच लवकर विझत नाही. ढिगाखालून झिरपणारे काळे पाणी विहिरींकडे जाते ते वेगळेच. त्या धुरात मुलांना घेऊन रात्र काढणाऱ्या आयांसमोर हे स्पष्टीकरण अपुरे आहे. मी त्यांची जाहीर क्षमा मागते. आज निम्म्याहून अधिक प्रभागांत कचरा वेगळा येतो, पण उरलेल्या प्रभागांचा मिसळलेला कचरा अजूनही त्याच ढिगावर जातो, आणि म्हणून हे काम पूर्ण झाले असे मी म्हणू शकत नाही.

सोमवारी सकाळी मी नव्या नगराध्यक्षांकडे कार्यभार सोपवीन. किल्ल्या आणि फायलींबरोबर तक्रारींची वहीही देईन आणि ज्या प्रभागांची पाने कोरी आहेत तिथे खुणेच्या चिठ्ठ्या लावून देईन. नदीपलीकडच्या नव्या वसाहतीचे पान गेले सहा महिने कोरे आहे. मला तिकडे रात्री जाणे जमले नाही. आपण पहिल्या आठवड्यातच जावे, जाताना फिटरना बरोबर घ्यावे आणि कांब स्वतः कानाला लावून पाहावी, एवढी माझी त्यांना विनंती आहे.