चूक मशीनवर झाली की घरी?

मंडळी, मी खेळाडूंच्या फोटोंची, पाकिटातून विकली जाणारी कार्डं जमवणारा माणूस नव्हे. माझं आयुष्य ऑफसेट मशीनवर गेलं, लग्नपत्रिका आणि गुळाच्या बॉक्सची लेबलं छापण्यात. पण वर्ल्डकपला पेठांत अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे लागले, की गल्लीतली पोरं कार्डं घेऊन येतात. "काका, ह्यात लाल रंगच नाही. मिसप्रिंट हाय. किती येतील?" छपाईत चुकलेल्या कार्डाला जादा भाव मिळेल, ही आशा.

परवा असंच मेस्सीचं एक कार्ड आलं. चेहरा निळसर, भुतासारखा. मी भिंग लावलं. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. चार रंगांची छपाई म्हणजे चार प्लेटी आणि बारीक ठिपके. मॅजेंटाची, म्हणजे गुलाबी-लाल शाईची प्लेट लागलीच नसती, तर त्या रंगाचा एकही ठिपका दिसला नसता आणि पिवळा मात्र ठणठणीत असता. म्हणजे चेहरा हिरवट झाला असता. इथं मॅजेंटा आणि पिवळा, दोन्हींचे ठिपके होते, फक्त फिके. "कुठं लावलं होतंस?" "कपाटावर, खिडकीसमोर." झालं! उन्हात हे दोन रंग आधी उडतात, निळा-काळा तग धरतो. चिकटपट्टीखाली झाकलेला कोपरा तर अजून लालबुंद होता.

मी पोरांना एकच विचारतो : चूक शीट कापायच्या आधी झाली की नंतर? कार्ड एकेकटं छापत नाहीत. अमेरिकेतली टॉप्स कंपनी वर्षानुवर्षं एका शीटवर १३२ कार्डं छापायची. मशीनवर काही बिघडलं, तर शेजाऱ्यालाही त्याचा थोडाफार प्रसाद मिळतोच.

उत्तम उदाहरण १९९० सालचं, टॉप्सचंच. फ्रँक थॉमस या बेसबॉलपटूच्या काही कार्डांवर पुढच्या बाजूला नावच नाही. खोडलं असेल, असं कुणालाही वाटेल. पण त्याच शीटवरच्या आजूबाजूच्या कार्डांवरही काळ्या रंगाचे तुकडे गायब सापडले. कार्डं मूळ जागी मांडली, की एका कार्डावर तुटलेली काळी रेघ पुढच्यावर तिथूनच तुटते. काळ्या रंगाच्या वाटेत काहीतरी आडवं आलं होतं. असा पुरावा घरबसल्या कोण तयार करणार?

खोडलेलं नाव कसं ओळखायचं? कार्ड उजेडात तिरकं धरा. रबरानं किंवा थिनरनं शाई काढली, की तिथली चकाकी मरते, कागदाचे तंतू उभे राहतात. आणि खोडणाऱ्याला फक्त काळा काढता येत नाही, खालचे रंगही खरवडले जातात.

रजिस्टर हललं, म्हणजे रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत, पाठ कोरी राहिली, दुसऱ्याच खेळाडूची पाठ आली, कटिंग सरकून शेजारच्या कार्डाची पट्टी आत आली, हे सगळं खरंच घडतं. आमच्याकडे सेटिंगच्या, म्हणजे मशीन जुळवताना निघालेल्या असल्या शीटा रद्दीत जायच्या. पण हीच रद्दी मागच्या दारानं बाहेर काढून कुणी कात्रीनं कापली, तर? छपाई खरी, चूकही खरी, पण ते कार्ड पाकिटातून कधी विकलंच गेलं नाही. माझ्या मते ती रद्दीच. कडा बघा : कटिंग मशीनची धार सरळ एका दमात उतरते, कात्री थांबत-थांबत जाते.

आणखी एक गल्लत होते. १९५७ च्या टॉप्स कार्डावर बेसबॉलपटू हँक आरन डावखुरा दिसतो, कारण निगेटिव्ह उलटी लागली. पण ती सुधारलीच नाही, सगळी कार्डं तशीच निघाली. त्यामुळं चूक म्हणून त्याला वेगळा भाव नाही. भाव आहे तो आरनला. १९८९ चं फ्लीअर कंपनीचं, बेसबॉलपटू बिली रिपकेनचं कार्ड याच्या उलट. बॅटच्या मुठीवर शिवी लिहिलेली, फोटो तसाच छापला गेला. मग कुठं पांढरं फासलं, कुठं गिरगोटलं, कुठं काळा चौकोन मारला. यात मशीनमनचा दोष शून्य. तरी लोक याला मिसप्रिंट म्हणतात, तेव्हा मला आमच्या माणसांच्या बाजूनं भांडावंसं वाटतं!

आता ज्यांनी कार्डं आणलीत त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाशी या. भिंगं दोनच आहेत, रेटारेटी नको. आणि कार्ड कडेला धरा, घामाचा अंगठा वर नको.