घाबरलेल्या मैत्रिणीशेजारी

(सांगलीत महिला मंडळ आणि तरुण संघाच्या एकत्रित सभेत एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

पाळकसाहेब, मंडळीचे वडील आणि समोर बसलेल्या सगळ्या बहिणी-भावांनो, सलाम. मागे दाराशी उभे आहात त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत.

पत्रिकेत विषय छापलाय 'चिंतेवर विजय'. विजयाचं मला काही सांगता येणार नाही. चिंतेनं पोखरलेल्या माणसाशेजारी बसायचं कसं, तेवढं सांगते. सगळी नोकरी वॉर्डात गेली, त्यामुळे बसायची सवय आहे.

आपल्याकडे कुणाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन ठरलं, की डबा जातो, रात्री सोबतीला कोण थांबणार हे ठरतं, रविवारी नाव घेऊन प्रार्थना होते. पण एखादी म्हणाली, 'छातीत धडधडतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, बाजारात जायची भीती वाटते आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत', की आपली पंचाईत होते. ताप नाही, टाके नाहीत, डबा कशासाठी न्यायचा? मग आपण तिला बायबलमधलं एक वचन ऐकवतो आणि सुटतो. बहुधा फिलिप्पैकरांस पत्रातलं: 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.'

वचन खोटं नाही. पण लिहिणारा कोण होता ते बघा. प्रेषित पौल त्या वेळी बंदिवासात होता. त्याच पत्रात, दोनच अध्याय आधी, तो आपल्या सोबत्याविषयी, एपफ्रदीताविषयी लिहितो, की तो मरायला टेकला होता, तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं. करिंथकरांना लिहिताना तर सांगतो, की सगळ्या मंडळ्यांच्या चिंतेचं दडपण रोज माझ्यावर असतं. असा माणूस 'चिंता करू नका' म्हणतो तेव्हा तो समोरच्याचा विश्वास मोजत नसतो, स्वतः ओझ्याखाली उभा राहून बोलत असतो. आपण तेच वचन मोबाईलवर फुलांच्या चित्रासकट पाठवतो आणि ती बिचारी ते वाचून मनात म्हणते, 'म्हणजे माझा विश्वासच कमी पडतोय.' आधी भीती होती, आता वर अपराधीपणा.

माझी एक मैत्रीण आहे. तिला विचारूनच सांगतेय, नाव सांगणार नाही. राहते सांगलीतच, नदीच्या बाजूला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं, ते तुमच्यातल्या निम्म्यांनी घरात अनुभवलंय. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत पोरांनाही पाठ असतं. तिचं घर गेलं नाही, पण सासूबाईंना बोटीत बसवताना तिनं जे पाहिलं ते डोक्यातून गेलं नाही. २०२१ ला पुन्हा पूर आला. तेव्हापासून जुलै लागला की ती दर अर्ध्या तासाला मोबाईलवर पातळी बघते. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याचा मेसेज आला की हाताला मुंग्या, घशात गोळा, श्वास पुरत नाही. एकदा तिला वाटलं, हार्ट अटॅकच. ईसीजी काढला, साफ होता. बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो होतो, कागदाची ती गुंडाळी तिच्या मुठीत. मला म्हणाली, 'ताई, काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं गं. निदान सांगता तरी आलं असतं.'

या वाक्यावर मी खूप विचार केलाय.

तिच्या शरीरात काय चाललं होतं ते खोटं नव्हतं. धोका दिसला की अॅड्रिनलिन सुटतं, काळीज जोरात पळायला लागतं, श्वास उथळ आणि भरभर होतो. भरभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. हा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. ती दहा मिनिटं मात्र मरणासारखी असतात. आता अशा वेळी तिच्या डोक्यावर हात ठेवून, आवाज चढवून, चौघीजणी एकदम प्रार्थना करायला लागल्या तर काय होईल? आधीच श्वास कोंडलाय. मी हे पाहिलंय. 'भीतीच्या आत्म्या, नीघ' असं म्हणून एका मुलीवर ओरडणारेही पाहिलेत. त्या दिवसापासून त्या मुलीला झटक्याची भीती होतीच, प्रार्थनेचीही बसली.

मग करायचं काय? आधी विचारायचं: 'मी प्रार्थना केली तर चालेल?' नको म्हणाली तर नको. देवाला त्याचा राग येत नाही. हो म्हणाली तर छोटी करायची, हळू, नेहमीच्या आवाजात. 'प्रभू, आम्ही दोघी इथे आहोत. तूही आहेस.' एवढं पुरतं. शेजारी बसून आपणच श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडणं लांब. तीही हळूहळू तसंच करायला लागते. तिला बोलवत नसेल तर स्तोत्र वाचा, पण जपून निवडा. एकशेएकविसावं सगळ्यांना येतं. मी मात्र कधीकधी अठ्ठ्याऐंशीवं वाचते. त्यात शेवटपर्यंत उजेड पडत नाही, अंधारावरच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मैत्रिणीनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, 'असं पण देवाला सांगता येतं?'

एलीया संदेष्ट्याचं बघा. रतामाच्या झुडपाखाली पडून तो मरण मागतो. देवदूत त्याला विश्वासाचे धडे देत नाही. ऊठ, खा, म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा तेच. तेव्हा महिला मंडळातल्या बहिणींनो, तो डबा न्यायचाच. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ नुसते बसले, कुणी अवाक्षर काढलं नाही. तिथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

आणि गेथशेमाने बाग, प्रभूला धरून नेलं त्या रात्रीची. तिथे आपला प्रभू स्वतः व्याकूळ झालेला आहे. जीव मरणप्राय खिन्न झालाय, असं त्यानं तिघा मित्रांना उघड सांगितलं. मागितलं काय, तर इथे थांबा आणि जागे राहा. ते झोपले. पण त्यानं मागितलं, याला माझ्या लेखी फार किंमत आहे. देवाच्या पुत्राला त्या रात्री शेजारी माणसं हवी होती.

आता जरा कडू बोलते. आपले व्हॉट्सअॅप ग्रुप. 'प्रार्थना विनंती: अमुक गल्लीतल्या तमुक बहिणीच्या मनावर परिणाम झाला आहे, भारानं प्रार्थना करा.' संध्याकाळपर्यंत ही विनंती जतपासून इस्लामपूरपर्यंत जाते. उद्या त्या घरात मुलीचं लग्न ठरायचंय, ते कोण बघणार? देवाला नाव सांगितल्याशिवाय कळत नाही असं थोडंच आहे! तिनं आपल्याला सांगितलं ते आपल्याला सांगितलं. ती परवानगी देईल तेवढंच पुढे न्यायचं, आणि शक्यतो तेही नाही. असल्या प्रार्थनेला मी चहाडीच म्हणते, शेवटी 'आमेन' असलं तरी.

डॉक्टरचं. आपण मिरजेच्या शेजारी राहतो, आपल्याला तरी हे समजावून सांगायला लागू नये. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना सुरू केला, आणि प्रार्थना व शस्त्रक्रिया एकाच छपराखाली आली. मिशन दवाखान्यांतून ऑपरेशनआधी प्रार्थना व्हायची, आणि आमेन झाल्यावर कुणी चाकू खाली ठेवून घरी गेलं नाही. पोटाच्या दुखण्याला जे चालतं ते मनाच्या दुखण्याला का चालू नये? 'निरोग्यांना वैद्याची गरज नसते, दुखणाईतांना असते,' हे प्रभूचंच बोलणं आहे.

मैत्रिणीबरोबर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी थायरॉइडची तपासणी सांगितली, कारण थायरॉइडचं हार्मोन वाढलं तरी अशीच धडधड होते. मग गोळी आणि समुपदेशन. या गोळ्या लागू पडायला काही आठवडे जातात. सुरुवातीला पोट बिघडतं, कधी अस्वस्थता उलट वाढते. नेमक्या याच दिवसांत कुणीतरी भेटतं आणि म्हणतं, 'बघ, औषधानं काही होत नाही, सोड आणि उपवास धर.' असल्या माणसाला मी दारातूनच परत पाठवलं, चहासुद्धा विचारला नाही. गोळी एकदम बंद केली की त्रास होतो, कमी करायची ती डॉक्टरांनीच. बरं वाटायला लागल्यावर तिला मंडळीसमोर साक्ष द्यायला पुढे ओढू नका. पुढच्या जुलैत पुन्हा धडधडलं तर ती कुणाला तोंड दाखवणार?

आणि कुणी 'जगून काय करायचंय' असं म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटं सोडू नका. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठी फोनवरची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या. तरुण मंडळींनी आत्ताच फोनमध्ये टाका, मी थांबते.

मैत्रीण आता कशी आहे, असं मघाशी एकीनं हळूच विचारलं. पातळी बघते अजून, पण सकाळ-संध्याकाळ. दुपारी तिच्या मुलानं बघायची आणि ४० च्या वर गेली तरच आईला सांगायचं, असं घरात ठरलंय. पावसाळ्यात मी मंगळवारी जाते. भाजी निवडतो, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणतो. प्रार्थना कधी होते, कधी राहून जाते.

एक चिठ्ठी आलीय. 'माझा मित्र ख्रिस्ती नाही, त्याला हाच त्रास आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करू का?' अरे बाबा, घरी रोज कर, कोण अडवतंय? त्याच्यासमोर मात्र त्यानं म्हटलं तरच. त्याची आई त्याच्यासाठी नवस बोलली असेल तर त्यावरून वाद घालत बसू नकोस. तो घाबरलाय तेव्हा त्याला धर्म बदलायला सांगणं म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा घेणं. ओपीडीचा केसपेपर काढायला सकाळी लवकर रांगेत उभं राहावं लागतं, तिथे तू उभा राहा.

दुसरी चिठ्ठी मुद्दाम घडी घालून दिलीय, ती मी मोठ्यानं वाचणार नाही. ज्यांनी लिहिली त्यांनी चहाच्या वेळी मला बाजूला गाठा.